पैऱ्याचं काकण

वनिता गुरवचं काळीज आठवड्यातून तीन-चार वेळा बदलत होतं. सोमवारी एक, मंगळवारी दुसरं, गुरुवारी तिसरंच. सानिका चौगुलेनं चष्मा पुसला, पडदा पुसला, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. अशा वेळी माणूस जे जे करतो ते सगळं करून झालं, तरी पडद्यावरचं काळीज काही एका जागी ठरेना.

आजऱ्याच्या पुढे, घाट उतरायच्या अलीकडे काजूचा हा भलाथोरला कारखाना होता. बी फोडायचं हात भाजणारं काम यंत्रांनी कधीच उचललं होतं. पण आतला गर अख्खा कोणता, पाकळी कोणती, डागी कोणता, हे ओळखण्यात २०४२ सालीही बाईच्या बोटांना तोड नव्हती. दहा टेबलं, प्रत्येक टेबलावरून सरकणारा पट्टा आणि पट्ट्याच्या दोन्ही अंगांना टोप्या घातलेल्या बायका. या बायकांच्या मनाची काळजी घ्यायला कारखान्यानं सानिकाला नेमलं होतं. तिच्या केबिनच्या दारावर पाटी होती, 'स्थैर्य अधिकारी'. पहिल्याच दिवशी दोन नंबरच्या टेबलावरच्या मालनमावशींनी ती मोठ्यानं वाचून विचारलं होतं, "स्थैर्य म्हंजे काय वो मॅडम? हलायचं न्हाई?"

मन मोजायचं यंत्र 'चित्तवेध' नावाच्या कंपनीचं होतं. सकाळी फाटकावर रखवालदार ते प्रत्येकीच्या मनगटावर बांधायचा आणि पाळी सुटली की सोडायचा. लग्नात नवरीला बांधतात तसं हे बांधणं बघून बायकांनी त्याचं नाव 'काकण' ठेवलं होतं. घामातून पाझरणारं ताणाचं संप्रेरक, दोन ठोक्यांमधलं अंतर आणि बोटांचा बारीक कंप या तिन्हींतून काकण दर मिनिटाला एक आकडा काढायचं. हा स्थैर्यांक, शून्य ते शंभर. सलग आठ आठवडे सरासरी चाळीसच्या खाली राहिली की त्या बाईला 'अनुकूलन-अक्षम' ठरवायचं. मग ती कामावरून जायची, आणि हा शिक्का तिच्या आरोग्यपत्रावर कायमचा बसायचा. आरोग्यपत्र दाखवल्याशिवाय आता कुठलाच कारखाना दारात उभं करत नसे.

हे काकण ज्यांच्या डोक्यातून आलं ते डॉ. निखिल अभ्यंकर पुण्यात सानिकाचे सर होते. त्यांचं गणित साधं होतं आणि देखणंही. माणसात दिसणारा ताण म्हणजे त्याच्या मनाची घडण अधिक त्याची परिस्थिती. एका छपराखाली, एका पाळीत, एकाच पगारावर काम करणाऱ्यांची परिस्थिती सारखीच असते, तेव्हा ती वजा करून टाकायची. उरेल ते मन. सानिकानं हे शेवटचं वाक्य वहीत लाल शाईनं लिहून घेतलं होतं.

तिला ते इतकं पटायला कारणही होतं. ती सहावीत असताना तिची आई गडहिंग्लजजवळच्या एका शिवणकारखान्यात मशिनवरच कोसळली. मनाचा अशक्तपणा, असं डॉक्टरांनी कागदावर लिहिलं आणि नातेवाइकांनी ते तोंडी गावभर केलं. आई त्यानंतर कामावर गेली नाही, फारशी बोललीही नाही. कच्च्या मनाच्या आईची मुलगी मनाचं शास्त्र शिकायला पुण्याला गेली, तिथल्या मैत्रिणी हसल्या म्हणून गावाकडच्या बायकांच्या 'मी आलो'चं 'मी आले' करायला शिकली, आणि दर रविवारी आईला फोन करून न चुकता विचारू लागली, "गोळी घेतलीस का?"

गेल्या वर्षभरात सानिकानं चार बायकांच्या शिक्क्यांवर सही केली होती. चौघीही धरणग्रस्तांच्या वसाहतीतल्या होत्या. पुण्याहून आलेल्या अहवालात तर स्वच्छ म्हटलं होतं की विस्थापित वसाहतीतल्या स्त्रियांची मनोघडण मुळातच नाजूक आढळते. पाचवी वनिता गुरव. तिचा आकडा एकतीस, आणि पंधरा दिवसांनी जिल्ह्याच्या कामगार मंडळासमोर तिची सुनावणी.

वनिताचं प्रकरण मात्र सानिकाच्या गळी उतरत नव्हतं. केबिनमध्ये बोलावून श्वासाचे व्यायाम शिकवले तेव्हा बाईचा आकडा पाच मिनिटांत एकाहत्तरवर गेला होता. मग पट्ट्यावर काय होतं? ते बघायला सानिकानं आकड्यामागची मूळ लाट उघडली. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला एक मोठी लाट उठते आणि तिच्या पाठीवर एक छोटी लाट येते. या जोडीचा आकार ज्याचा त्याचा असतो, हस्ताक्षरासारखा. कंपनीला फक्त आकड्याशी मतलब असल्यामुळे या लाटा कुणी बघत नसे आणि तीन महिन्यांनी त्या पुसल्याही जात. सानिकानं बघितल्या, आणि वनिताचं हस्ताक्षर रोज वेगळं निघालं.

ती घाबरलीच. तिनं वनिताला तडक बोलावून घेतलं.

"वनिताताई, घाबरू नका," ती घाबऱ्या आवाजात म्हणाली. "तुमच्या हृदयाचे ठोके रोज बदलतायत. हा काहीतरी मोठा आजार असणार. आजच्या आज कोल्हापूरला जायला हवं. मी गाडी सांगते."

वनितानं पदर तोंडाला लावला. पंचेचाळिशीची, काटकुळी, कधी मान वर करून न बोलणारी बाई. सानिकाला वाटलं ती रडतेय. पण तिचे खांदे ज्या तऱ्हेनं हलत होते ती रडण्याची नव्हती. तेवढ्यात दार लोटून मालनमावशी आत आल्या. साठीला टेकलेल्या, आवाजाला दणदणीत, सगळ्या कारखान्यात घट्ट मनाची बाई म्हणून नाव असलेल्या. त्यांनी खुर्चीही घेतली नाही.

"गाडी सांगू नगासा मॅडम," त्या म्हणाल्या. "तिच्या काळजाला काय झालेलं न्हाई. मंगळवारचं ते काळीज माजं हाय."

गाडी सांगायला उचललेला फोन सानिकानं खाली ठेवला.

"पैरा क्येला आमी," वनिता पदराआडून म्हणाली.

पैरा म्हणजे काय ते सानिकाला कुणी सांगायची गरज नव्हती. रोप लावणीच्या दिवसांत आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या. मजुरी नाही, लिहिणं नाही, सगळं तोंडी, आणि तरी कुणाचा पैरा कधी बुडाला असं तिनं ऐकलं नव्हतं. पण शेतातली ही रीत बायकांनी चित्तवेधच्या यंत्राला लावली असेल, हे पुण्यातल्या कुणाच्याही डोक्यात आलं नसतं.

"कसा?" तिनं विचारलं.

मालनमावशींनी केसातली पिन काढून दाखवली. काकणाची कडी या पिनेनं उघडते, हे वर्षापूर्वीच कुणाला तरी कळलं होतं. प्रत्येक काकणाची नोंद एकेका टेबलाशी जोडलेली असल्यामुळे जिचं काकण तिच्याच जागी बसावं लागे. म्हणून फाटकातून आत आलं की आडोशाला वनिताचं काकण मालनमावशींच्या हाती जायचं आणि त्या सात नंबरच्या टेबलावर वनिताच्या जागी बसायच्या. त्यांचं काकण घालून वनिता दोन नंबरवर. टोपी आणि तोंडावरची पट्टी यांत मुकादमाला सगळ्या बायका सारख्याच दिसत.

"माजं मन घट्ट, तवा हिच्या काकणात मी बसलो की आकडा वर येईल, असा आमचा हिशेब," मावशी म्हणाल्या. "चार दिस बसलो. आकडा काय हलंना. मग पाळ्या लावल्या. चारवरची सारिका बसली. मग नऊची राजश्री. हिला धरून तेरा जणी झालो मॅडम. आकडा आपला एकतीस."

"मला सांगितलं का नाही?"

मावशींचा दणदणीत आवाज एकदम खाली आला. "काय सांगू? मला वाटलं, माजंबी मन कच्चंच निघालं. इतकी वर्सं उगंच मिरवत हुतो. कुणाला बोललो न्हाई मी. सारिकाबी न्हाई बोलली. पर्त्येकीला वाटलं, आपलंच काय तरी बिघडलंय."

तेरा बायका एकाच टेबलावर बसल्या आणि तेराही जणी मान खाली घालून उठल्या, स्वतःलाच दोष देत. या दोषाला शास्त्राचं नाव देऊन त्याखाली सही करणारी बाई आपण आहोत, हे सानिकाला त्या क्षणी लख्ख दिसलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

पुढचे दोन दिवस तिनं लाटा आणि बायकांच्या आठवणी जुळवल्या. कोण कधी बसलं ते बायकांनी नुसतं तोंडानं सांगितलं. आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी मी, दिराचं ऑपरेशन होतं त्या बुधवारी ती, असं. सगळे दिवस लाटांशी तंतोतंत जुळले. मग तिनं आकडे मांडले. मालनमावशी दोन नंबरवर शहात्तर, सात नंबरवर तीस. सारिका चार नंबरवर अडुसष्ट, सातवर तेहतीस. आणि नाजूक मनोघडणीची वनिता गुरव सातवर एकतीस असली तरी दोन नंबरवर बसली त्या प्रत्येक दिवशी चौऱ्याहत्तर होती. बाई बदलली तर आकडा हलत नव्हता. जागा बदलली की टुणकन उडी मारत होता.

तिसऱ्या दिवशी सानिका प्रथमच सात नंबरच्या टेबलापाशी अर्धा दिवस उभी राहिली. मागे वाळवणीच्या यंत्राची तापलेली भिंत. पट्टा इतरांपेक्षा दीडपट वेगानं, कारण पहिला माल इथं यायचा. बाथरूम शेडच्या पार दुसऱ्या टोकाला, एकशेचाळीस पावलांवर. तिथं जायचं तर बटण दाबायचं. बटण दाबलं की समोरच्या मोठ्या फलकावर लाल अक्षरांत नाव यायचं आणि सेकंद मोजले जायचे, सगळ्या शेडला दिसतील असे. परत येईपर्यंत पट्ट्यावर गराचा ढीग साचायचा, तो वेगळा. त्यामुळे सात नंबरच्या बायका सकाळपासून पाणीच पीत नसत. या टेबलावर गावातली एकही बाई नव्हती. सगळ्या वसाहतीतल्या, ज्यांच्या बाजूनं बोलायला कारखान्यात कुणी नव्हतं. शिक्का बसलेल्या त्या चौघीही इथंच बसायच्या.

वजा करून टाकलेली परिस्थिती ही अशी होती, हातभर अंतरावर आणि ऊन ऊन.

तिनं सरांना फोन लावला. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते दुष्ट माणूस नव्हते. आपल्या गणितावर त्यांचा जीव होता, एवढंच.

"सानिका, तेरा जणींनी यंत्राशी लबाडी केली आहे," ते म्हणाले. "त्या नोंदी रद्द धर आणि व्यवस्थापनाला कळव. आपण बाई मोजतो, टेबल मोजत नाही. टेबल मोजायला सुतार लागतो." मग जरा थांबून म्हणाले, "तू फार दिवस तिथं राहिलीस. पुण्यात संशोधन विभागात जागा आहे. सुनावणी झाली की ये."

पुण्यातली ती जागा सानिकाला किती हवी होती! चार वर्षं ती तिची वाट बघत होती. तिनं फोन ठेवला आणि जेवणाच्या सुट्टीत तेरा जणींना गाठलं.

"वनिताताईंचा शिक्का टळू शकतो," ती म्हणाली. "पण त्यासाठी तुम्हा सगळ्यांना मंडळासमोर उभं राहून सांगावं लागेल की काकण बदललं. तो गुन्हा आहे. मंडळाला पटलं नाही तर तेराही जणी घरी जाल. आणि तुमच्याबरोबर मीही."

वनिता पहिल्यांदाच मान वर करून बोलली. "नगं मॅडम. माज्या एकटीपायी बारा घरांना इस्तू लागाय नगं. मला जाऊ दे."

सारिकानं डबा बंद केला. तिच्या दोन मुली कॉलेजात होत्या आणि घरात मिळवती ती एकटी. ती म्हणाली, "मी तीन दिस बसलो तितं. रोज घरी जाऊन पोरींवर वराडलो. मग रातभर वाटायचं, मी अशी कशी झालो? आता कळलं व्हय कशी झालो ते. मी सांगनार."

"पैरा अर्ध्यात सोडत न्हाईत," मालनमावशींनी निकाल दिला. "जेवा आता."

कायद्यानं सुनावणी कामाच्या जागीच व्हायची होती. मंडळाच्या अध्यक्ष शमीम मुल्ला या कामगार न्यायालयातून निवृत्त झालेल्या, ठेंगण्याठुसक्या, चहा बशीत ओतून पिणाऱ्या बाई. कॅन्टीनमध्ये एका बाजूला त्या, समोर पुण्याहून आलेले डॉ. अभ्यंकर, आणि मागच्या बाकांवर पाळीवरच्या सगळ्या बायका.

सानिकानं लाटा भिंतीवर दाखवल्या. "या वनिता गुरव नावाच्या एका स्त्रीच्या नोंदी आहेत, असं कंपनी म्हणते. प्रत्यक्षात हे तेरा जणींचं काळीज आहे." ती एकेक लाट दाखवत गेली आणि बाकांवरून एकेक बाई उभी राहत गेली. "हे माजं." "हे माजं." तेरावी वनिता. मुल्लाबाईंनी बशी खाली ठेवली.

डॉ. अभ्यंकर उठले. "माझा आक्षेप शास्त्रीय आहे. या स्त्रिया दुसऱ्याचं काकण घालून बसल्या होत्या. पकडलं जाण्याची भीती होती. ताण त्या भीतीचा आहे, टेबलाचा नाही."

मुद्दा बिनतोड होता. बाकांवर चुळबूळ झाली. पण उत्तर सानिकापाशी होतं, आणि ते त्यांनीच शिकवलेल्या पद्धतीचं होतं.

"सर, मालनमावशी सातवर बसल्या त्याच दिवशी वनिताताईही दुसऱ्याचं काकण घालून बसल्या होत्या. दोन नंबरवर. पकडलं जायची भीती त्यांना जास्त, कारण नोकरी त्यांची जाणार होती. त्यांचा आकडा चौऱ्याहत्तर आला. भीती दोघींना सारखीच होती. तुमच्याच नियमानं ती वजा करू या. उरतं ते टेबल."

डॉ. अभ्यंकरांनी कागद उलटे केले, सुलटे केले. ते प्रामाणिक होते म्हणून अडकले. "मला ते टेबल बघायचं आहे," ते अखेर म्हणाले.

"बगायचं कशाला सर?" मागून मालनमावशींचा आवाज आला. "बसा की."

हशा पिकला. मुल्लाबाई हसल्या नाहीत. त्यांनी घड्याळ बघितलं. "दहा वाजलेत. दोन वाजेपर्यंत मंडळाला वेळ आहे. काय डॉक्टर?"

नकार द्यायला काही कारणच सापडेना. डॉक्टरांनी टोपी घातली, रखवालदारानं त्यांच्या नावानं नोंदवलेलं काकण बांधलं आणि काकणांचा जनक सात नंबरच्या टेबलावर वनिताच्या जागी बसला. वनितानं शेजारी उभं राहून पाकळी आणि तुकडा यांतला फरक समजावून सांगितला. स्थैर्यांक भिंतीवर सगळ्यांना दिसत होता. सुरुवातीला ब्याऐंशी. डॉक्टर खुशीत होते, योगासनं करणारे, दोन लिटर पाणी पिणारे गृहस्थ. अकरा वाजता एकसष्ट. साडेअकराला पाठीमागच्या भिंतीनं सदरा ओला झाला. बाराला पंचेचाळीस. पट्टा थांबत नव्हता, बोटं दुखू लागली होती आणि सकाळचा चहा आपली आठवण देऊ लागला होता. त्यांनी दोनदा बटणाकडे बघितलं आणि दोनदा हात मागे घेतला. सव्वाबाराला स्थैर्यांक अडतीसवर आला आणि बारा चाळीसला त्यांनी बटण दाबलं.

फलकावर लाल अक्षरं उमटली. 'टेबल ७. अभ्यंकर. बाथरूम.' आणि खाली सेकंद पळू लागले.

सगळी शेड बघत होती. डॉक्टर उठले, पट्ट्यावर ढीग साचायला लागलेला बघून तिथंच घुटमळले. पुढं जावं की मागं यावं कळेना. पंचावन्न वर्षांच्या, देशभर मान असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर शाळकरी मुलाची लाज उतरली होती. आकडा सत्तावीस.

तेव्हा बायका हसतील असं सानिकाला वाटलं होतं. एकही हसली नाही. वनिता पुढं झाली आणि त्यांच्या रिकाम्या जागेवर बसली.

"जावा सर, सावकाश जावा," ती म्हणाली. तिची बोटं पट्ट्यावर चालूही झाली होती. "मी हाय हितं. पैरा हाय. फेडा कवातरी."

डॉक्टर एकशेचाळीस पावलं गेले आणि एकशेचाळीस पावलं परत आले. ढीग नव्हता. ते टेबलापाशी उभे राहिले, वनिताच्या हातांकडे बघत. मग त्यांनी टोपी काढली.

दोन वाजायची कुणी वाट बघितली नाही. डॉ. अभ्यंकर मंडळासमोर आले ते कागद न घेताच. "आक्षेप मागे घेतो," ते म्हणाले. "माझं गणित चुकलं आहे. परिस्थिती सगळ्यांना सारखी असते असं मी धरलं, कारण मी जिथं बसून गणित मांडलं तिथं ती सारखीच होती. जे वजा केलं असं मला वाटलं, ते या बायकांच्या नावावर जमा होत गेलं. शिक्के माझ्या गणितानं बसलेत. ते काढायचा अर्ज मी स्वतः करतो." त्यांनी सानिकाकडे बघितलं आणि खूप दिवसांनी मोकळं हसले. "आणि सुतार बोलवा. टेबल मोजायचं आहे."

आता मात्र शेड दणाणली. मालनमावशींनी दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की मुल्लाबाईंनाही हसू आवरेना. त्यांनी निकाल तिथंच सांगितला. वनिता गुरवला शिक्का नाही. आधीच्या चौघींचे शिक्के पुसून त्यांना पुन्हा कामावर घ्यायचं. काकण बदलल्याबद्दल तेरा जणींना शिक्षा नाही, कारण ते बदललं नसतं तर सत्य कळलंच नसतं. आणि यापुढे जिल्ह्यातल्या कुठल्याही कारखान्यात स्थैर्यांक बाईच्या नावानं लिहायचा नाही, जागेच्या नावानं लिहायचा. तो चाळीसखाली गेला तर जागा दुरुस्त करायची.

सानिकाच्या टेबलावर वनितासाठी छापून ठेवलेली लाल पट्टी होती, 'अनुकूलन-अक्षम'. मालनमावशींनी ती मागून घेतली, मागचा कागद सोलला आणि सात नंबरच्या टेबलाला ठळक दिसेल अशी चिकटवली. "हे खरं नाजूक मनाचं," टेबलाला थापटून त्या म्हणाल्या. "वनिता, जा, पाणी पिऊन ये."

वनिता गेली. बटण न दाबता गेली. भरलेला तांब्या तोंडाला लावून ती सगळ्यांसमोर उभ्यानं घटाघटा पाणी प्यायली आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. नुसतं पाणी पिणाऱ्या बाईसाठी इतक्या टाळ्या सानिकानं कधी ऐकल्या नव्हत्या. तिच्या डोळ्यांना धार लागली आणि तिनं ती पुसली नाही. महिन्याभरात वाळवणीपुढं भिंत उभी राहिली, पट्टा हळू झाला, फलकावर दिवसाचं हवामान दिसू लागलं. सातवर बसायची पाळी दहाही टेबलांना फिरू लागली. पुण्याच्या जागेचं पत्र आलं होतं. सानिकानं तिथं जाण्याऐवजी सरांनाच इथं बोलावलं, जागा मोजायचं नवं गणित इथंच बसून करायला. ते आलेही. पैरा फेडायला आलोय, असं फाटकावर त्यांनी रखवालदाराला सांगितलं म्हणे.

पण हे सगळं नंतरचं. सुनावणीच्या दिवशी पाळी सुटल्यावर, उन्हं अजून शेडच्या पत्र्यावर असताना, सानिका केबिनमध्ये एकटी बसली होती. रविवार नव्हता, तरी तिनं आईला फोन लावला.

"काय गं? आज कसा फोन?" आईचा आवाज नेहमीसारखाच, दबका. "घेतली बग गोळी. सकाळीच घेतली."

"गोळीचं नाही विचारत, आई." इतकी वर्षं सानिका चुकीचा प्रश्न विचारत आली होती आणि बरोबर प्रश्न इतका साधा होता. "त्या शिवणकारखान्यात तू कुठं बसायचीस?"

पलीकडं काहीच आवाज आला नाही. सानिकाला वाटलं, फोन कटला.

"आई? मी ऐकतोय," ती म्हणाली, आणि आपण 'ऐकतोय' म्हणालो हे तिच्या लक्षातही आलं नाही.

"बॉयलरच्या भिंतीला," आई हळूच म्हणाली. "शेवटचं मशिन. तितं कुणी बसत नव्हतं." मग तिचा श्वास ऐकू आला, आणि त्यामागून एक आवाज, जो सानिकानं सहावीत असताना शेवटचा ऐकला होता, खणखणीत. "हे मला आजवर कुणीच इचारलं न्हाई, बग. थांब. गॅस बंद करून येतो. लई हाय सांगायचं."